धुणारी शाई, टिकणारी शाई



माणसाला एखादा छंद असावा असे म्हणतात. कुणाला कबुतरे पाळण्याचा छंद असतो, कुणाला जुनी नाणी जमवण्याचा. मला शाईचा छंद आहे. शाईच्या पेनात घालायच्या निरनिराळ्या शाया आणायच्या, एकाच पेनाने एकाच कागदावर लिहून पाहायच्या, कोणती लवकर वाळते, कोणती कागदावर फुटते, कोणती पाण्याने जाते, कोणती उन्हाने उडते हे वहीत मांडून ठेवायचे, एवढाच हा छंद. आज माझ्या टेबलावर लहानमोठ्या चौदा दौती आहेत. ऑफिसातले सहकारी हसतात. एक जण परवा म्हणाला, "काय बाबूजी, जग कॉम्प्युटरवर गेलं अन् तुम्ही दौती कायले जमा करून रायले?"

त्याला चहा पिता पिता जे उत्तर दिले, तेच आज जरा सविस्तर लिहितो. कारण हा विषय वाटतो तेवढा रिकामटेकडा नाही. आपल्यासारख्या कष्टकऱ्यांच्या घरात जमीनजुमला थोडा आणि कागद मोलाचा. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, वडिलांची नोंद, आजोबांची नोंद, यांवर पुढच्या पिढीचे शिक्षण आणि नोकरी उभी असते. तो कागद कोणत्या शाईने लिहिला आहे, हे मात्र कुणी पाहत नाही.

एका रजिस्टरची गोष्ट

काही वर्षांपूर्वी दर्यापूर तालुक्यातील एका कुटुंबाच्या कामासाठी मी धावपळ करीत होतो. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि जात पडताळणीचे कागद द्यायचे होते. आपल्याकडे अनुसूचित जातींबाबतचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा आहे. म्हणून समिती त्या तारखेच्या आधीचा पुरावा मागते. आजोबा शिकले असतील तर शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, नसतील शिकले तर कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद. शिवाय आजोबा, वडील आणि मुलगी अशी साखळी जुळावी लागते.

गावच्या शाळेत गेलो. गुरुजींनी कपाटातून दोन रजिस्टरे काढली. दोन्ही एकाच कपाटात, एकाच गळक्या छपराखाली राहिलेली. दोन्हींवर पाण्याचे डाग. पहिल्यात आजोबांची १९४४ ची नोंद होती. कागद पिवळा पडलेला, कडा कुरतडलेल्या, शाईचा रंग तपकिरी झालेला. पण नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, सगळे अक्षर न् अक्षर वाचता येत होते. दुसऱ्या रजिस्टरात मुलीच्या वडिलांची १९८२ ची नोंद. तिथे नुसता निळा ढग पसरलेला. ओळ कुठली, नाव कुठले, काही कळेना. मुलीचे वडील कितीतरी वेळ त्या पानावर बोट ठेवून उभे होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, माह्या बापाचं नाव दिसते, माहंच कसं दिसत नाही?"

पुढे वडिलांचे दुसरे कागद शोधले, प्रतिज्ञापत्र केले, खेटे घातले. वैधता प्रमाणपत्र मिळाले, पण तोवर प्रवेशाची मुदत निघून गेली. मुलीचे एक वर्ष गेले. पुढच्या वर्षी ती शिकायला गेली, हे आपले नशीब नव्हे, तिची जिद्द.

आजोबांची नोंद टिकली आणि मुलाची वाहून गेली, असे का झाले? या प्रश्नापासून माझ्या शाईच्या वहीला खरी सुरुवात झाली.

शाईच्या तीन जाती

शाई म्हणजे रंगीत पाणी असे आपण समजतो. पण शाईच्या मुख्य तीन जाती आहेत आणि तिघींचा स्वभाव वेगळा.

पहिली काजळीची. दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी एकत्र घोटून ही शाई होते. आपल्याकडे बोरूने लिहिलेल्या जुन्या पोथ्या आणि मोडीतले कागद बरेचसे याच शाईचे. काजळी म्हणजे कोळसा. त्याला ऊन काही करू शकत नाही. म्हणून शेकडो वर्षांचे अक्षर अजून काळेभोर दिसते. पण ही शाई कागदाच्या वर बसते आणि तिच्यातला डिंक पाण्याने सुटू शकतो. शिवाय ती शाईच्या पेनात घातली की पेन कायमचा बसलाच म्हणून समजा.

दुसरी लोहाची. तिचे तत्त्व आपल्या घरातल्या बायकांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. आवळा लोखंडी विळीने चिरला की काळा पडतो. केसांना लावायचा आवळा-शिकेकाई लोखंडी कढईत भिजवला की काळाकुट्ट होतो. आवळा, हिरडा, बाभळीची साल यांत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. त्याची लोहाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. हिरड्याचा काढा आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, यांपासून आपल्याकडे शाई करीत. युरोपात हिरड्याऐवजी ओक झाडावरच्या गाठी वापरीत. इंग्लंडचा १२१५ सालचा मॅग्ना कार्टा अशाच शाईने लिहिलेला आहे. ही शाई लिहिताना फिकी दिसते, मग हवा लागून कागदाच्या धाग्यातच काळी पडत जाते. म्हणून ती पाण्याने धुतली जात नाही. कालांतराने ती तपकिरी होते, पण अक्षर राहते. दर्यापूरकडच्या त्या आजोबांच्या नोंदीचा रंग तपकिरी होता, तो बहुधा याच कारणाने. हिच्यातही दोष आहे. ती आम्लयुक्त असते. प्रमाण चुकले तर कागदाला खाते आणि साध्या लोखंडी निबेलाही गंज चढवते.

तिसरी रंगाची. कारखान्यात तयार केलेला रंग पाण्यात विरघळवला की झाली शाई. आज दुकानात शाईच्या पेनासाठी मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या याच जातीच्या. पेनात छान वाहते, निबेला त्रास देत नाही, रंग देखणे. पण जो रंग पाण्यात विरघळतो, तो पुन्हा पाणी लागले की पुन्हा विरघळू शकतो. दुसऱ्या रजिस्टरातला निळा ढग तो हाच.

अलीकडे एक चौथी जातही निघाली आहे. तिच्यात न विरघळणाऱ्या रंगाचे अगदी बारीक कण असतात. ती पाण्याला आणि उन्हाला दाद देत नाही आणि शाईच्या पेनातही चालते. मात्र ती महाग असते आणि पेनात वाळली तर धुऊन काढणे कठीण.

बाटल्यांचा इतिहास

या बाटल्यांना इतिहासही आहे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि टिकड्या करायला सुरुवात केली. तेव्हा 'हॉर्स ब्रँड' म्हणजे घोडा छाप नाव होते, मग उंट आला आणि 'कॅमल' शाई घराघरांत, शाळाशाळांत गेली. तीच कॅम्लिन कंपनी. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिचे बहुसंख्य भाग घेतले. गंमत अशी की त्याच १९३१ साली अमेरिकेत पार्कर कंपनीने लवकर वाळणारी 'क्विंक' शाई बाजारात आणली. बंगालमध्ये १९३४ साली स्वदेशीच्या चळवळीतून मैत्र बंधूंची 'सुलेखा' शाई निघाली. १९८० च्या दशकाच्या शेवटी तो कारखाना बंद पडला, पुढे सुरू झाला आणि २०२० मध्ये सुलेखाची शाई नव्या रूपात परत आली. बंगळुरूकडच्या चेलपार्क आणि ब्रिल या शायाही आपल्या पिढीच्या ओळखीच्या आहेत.

बॉलपेन आला आणि दौत मागे पडली. पण आता तरुण मुले पुन्हा शाईच्या पेनाकडे वळत आहेत. परदेशी शायांच्या बाटल्या हजार रुपयांच्याही वर जातात. त्या बघायला छान असतात, पण आपल्या छंदाला त्यांची गरज नाही. देशी बाटली घ्या, साधा पेन घ्या, तेवढ्यात भागते. अमरावतीत राजकमल चौकाच्या आसपास किंवा अकोल्यात टिळक रोडवर जरा फिरले, जुन्या स्टेशनरीवाल्याला विचारले, की वरच्या फळीवरची धूळ झटकून तो दोन-चार रंग काढून देतो.

माझी वही

मी बी.कॉम. झालेला हिशेबाचा माणूस. रकाने आखल्याशिवाय चैन पडत नाही. वहीत प्रत्येक शाईला एक पान दिले आहे. वर शाईचे नाव, रंग, विकत घेतल्याची तारीख. पेन एकच, कागदही एकच. पेन बदलला तर तुलना खोटी ठरते, कारण जाड निबेतून शाई जास्त येते आणि तीच शाई गडद दिसते. मग सहा रकाने असे:

पहिला, वाळणे. एक ओळ लिहायची आणि पाच, दहा, वीस सेकंदांनी वेगवेगळ्या शब्दावरून बोट फिरवायचे. कोणत्या शब्दाला फराटा गेला नाही ते लिहायचे. परीक्षेत भराभर लिहिणाऱ्या मुलांसाठी हा रकाना महत्त्वाचा.

दुसरा, फुटणे. अक्षराच्या कडेला कोळ्याच्या पायासारखे तंतू फुटतात का ते बघायचे. यात कागदाचाही दोष असतो. वर्तमानपत्राच्या कागदावर कोणतीही शाई फुटते.

तिसरा, मागे उमटणे. पान उलटून पाहायचे. मागच्या बाजूला लिहिता येईल का?

चौथा, पाणी. लिहून एक दिवस जाऊ द्यायचा, मग बोटाने पाण्याचे दोन थेंब टाकायचे, पाच मिनिटांनी टिपकागदाने टिपायचे. खाली काय उरले?

पाचवा, ऊन. पट्टीवर पाच ओळी लिहून अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकायचा आणि पट्टी दक्षिणेच्या खिडकीला लावायची. आपल्या वऱ्हाडच्या उन्हाची ख्याती सगळ्यांना माहीत आहे. एका उन्हाळ्यात निकाल लागतो. पुठ्ठा काढला की झाकलेला आणि उघडा भाग शेजारी शेजारी दिसतो.

सहावा, रंग फोडणे. त्याची गोष्ट पुढे मुलांसाठी लिहिली आहे.

निकाल काय लागला? कंपन्यांची नावे घालून गुण देत नाही, कारण एकाच कंपनीची एक बाटली धुणारी असते आणि दुसरी टिकणारी. शाईचा प्रकार बघावा. धुणारी निळी, जिच्या बाटलीवर 'वॉशेबल' किंवा 'रॉयल ब्लू' लिहिलेले असते, ती पाण्याच्या रकान्यात हमखास नापास होते. उन्हातही फिकी पडते. जांभळी, गुलाबी, लाल, हिरवी या रंगेल मंडळींचाही भरवसा नाही. साध्या काळ्या शाईने माझी सगळ्यात जास्त गंमत केली. काळी म्हणून आपण टिकाऊ समजतो, पण पाणी लागले की तिच्यातून निळे, जांभळे पाणी सुटते, कारण ती कोळशाची काळी नसून दोन-तीन रंग मिसळून केलेली काळी असते. तरी तिची पुसट रेघ बहुधा उरते. निळी-काळी म्हणजे 'ब्लू ब्लॅक' पूर्वी लोहाची असे. आता त्या नावाच्या पुष्कळ शाया नुसत्या रंगाच्या आहेत. म्हणून नावावर जाऊ नये, थेंब टाकून पाहावे. 'पर्मनंट' हा शब्दही थेंब टाकून तपासून घ्यावा.

याचा अर्थ धुणारी शाई वाईट असा कुणी घेऊ नये. ती मुद्दाम धुणारी केलेली असते. जर्मनीत आजही बरीच मुले शाळेत शाईच्या पेनाने लिहायला शिकतात आणि त्यांना रॉयल ब्लूच देतात. चूक झाली तर खोडता येते, गणवेशावर सांडली तर धुता येते. पहिली-दुसरीतल्या आपल्या पोरांनाही तीच द्यावी. कपड्यावर डाग पडला तर लगेच थंड पाण्याखाली धरावा, टिपून घ्यावा, घासू नये. गरम पाणी तर वापरूच नये. शाई तीच, पण शाळेच्या सरावाच्या वहीत शोभणारी शाई शाळेच्या रजिस्टरात गेली की घात होतो.

वऱ्हाडातला उन्हाळा आणि पेन

ज्यांना शाईचा पेन पुन्हा हातात घ्यावासा वाटतो त्यांच्यासाठी दोन अनुभवाचे शब्द. अमरावती-अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. पेन उघडा ठेवला की निबेवरची शाई चहा थंड व्हायच्या आत वाळते. टोपण लगेच लावावे. अर्धा भरलेला पेन खिशात ठेवून बडनेऱ्याहून अकोल्याला गाडीने गेलात, तर उतरेपर्यंत सदऱ्याला निळे फूल उमललेले असू शकते. पेनातली हवा अंगाच्या आणि उन्हाच्या उष्णतेने फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून प्रवासात पेन पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा असावा आणि निब वर करून ठेवावा.

शाई बदलताना पेन साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावा. दोन शाया एकमेकींत मिसळू नयेत. काही जोड्यांचा साका होतो आणि पेन अडतो. आमच्या लहानपणी शाई पुरवायला दौतीत पाणी घालीत. त्याने रंग फिका होतो आणि बुरशी लवकर धरते. बुरशी दिसली की ती बाटली टाकून द्यावी. चित्रकलेची काळी शाई, शिक्क्याची शाई पेनात कधीच घालू नये.

बाबासाहेबांचे पेन आणि कागद

बाबासाहेबांना चांगल्या पेनांची फार आवड होती, हे त्यांच्या सहवासातल्या अनेकांनी सांगितले आहे. ज्या समाजाला अक्षर शिवू दिले नव्हते, त्या समाजातला हा माणूस आयुष्यभर लिहीत राहिला. पण लिहिलेला कागद जपणे किती कठीण असते, याचीही साक्ष त्यांच्याच कागदांनी दिली आहे. १९५६ मध्ये त्यांचे महापरिनिर्वाण झाल्यावर दिल्लीच्या २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी त्यांचे बरेच कागद होते. १९६७ च्या जानेवारीत ते सामान खोल्यांतून काढून उघड्यावर टाकले गेले आणि त्यावर पाऊस पडला, हे त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. त्यातून जे वाचले आणि इतर ठिकाणी जे जपले गेले, ते आपल्या नागपूरच्या वसंत मून यांच्यासारख्यांनी डोळ्यांत तेल घालून वाचले, जुळवले. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने त्याचे खंड काढले आणि आज ते आपल्या घरात, विहारात आहेत. पावसात भिजलेल्या पानावर शाई टिकते की नाही, हा प्रश्न आपल्या इतिहासाला थेट पडलेला आहे.

संविधानाचेही तसेच. त्याची इंग्रजी मूळ प्रत छापलेली नाही, हाताने लिहिलेली आहे. दिल्लीचे सुलेखनकार प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी दौतीत बुडवायच्या टाकाने ती लिहिली. २४ जानेवारी १९५० रोजी सभासदांनी तिच्यावर सह्या केल्या. संविधान सभेत आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख होते आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणीही होते. आज ती प्रत संसदेच्या ग्रंथालयात नायट्रोजन वायू भरलेल्या पेटीत जपली आहे, कारण हवा, ओल आणि उजेड हेच कागदाचे आणि शाईचे शत्रू. आपल्याला नायट्रोजनची पेटी परवडणार नाही. पण कोरडा पत्र्याचा डबा आणि योग्य शाई नक्कीच परवडते.

कोणत्या कागदाला कोणती शाई

आता कामाचे सांगतो. कात्रण काढून ठेवावे.

सरावाची वही, निबंध, पत्र: कोणतीही शाई चालेल, मनाला येईल तो रंग वापरा. बोर्डाच्या परीक्षेत मात्र निळी किंवा काळीच.

अर्ज, फॉर्म, प्रतिज्ञापत्र, बचत गटाचे आणि पंचशील मंडळाचे इतिवृत्त, विहाराचे हिशेब: धुणारी शाई नको. थेंबाच्या परीक्षेत पास झालेली काळी किंवा निळी-काळी वापरा. शाईचा पेन नसेल तर चांगला बॉलपेन घ्या. काही रिफिलांवर 'आयएसओ १२७५७-२' असा बारीक आकडा असतो. त्याचा अर्थ ती शाई दस्तऐवजासाठी तपासलेली आहे.

हिरवी शाई: ती साहेबाची शाई अशी आपल्याकडे समजूत आहे. पूर्वी साक्षांकनासाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात झेरॉक्स घेऊन उभे राहावे लागे आणि हिरवी सही मिळाली की पोरगा धावत सुटे. आता बहुतेक ठिकाणी स्वयंसाक्षांकन चालते. आपल्या झेरॉक्सवर आपणच सही करायची. त्या सहीची शाई निळी किंवा काळी असली तरी तिची किंमत कमी होत नाही.

चेक, कर्जाचे कागद: इथे सर्वांत जास्त सावध राहा. उष्णतेने उडून जाणारी शाई असलेले पेन आता बाजारात सर्रास मिळतात. लिहिलेले घासले किंवा साधारण ६० अंशांपर्यंत तापले की अक्षर दिसेनासे होते. ती शाई खोडायच्या सोयीसाठी केलेली आहे, पण ठकांनी तिचा फायदा घेतला. कर्ज मिळवून देतो म्हणून घरी येतात, स्वतःचा पेन पुढे करतात, चेकवर नाव आणि रक्कम त्या पेनाने लिहून घेतात आणि सही तेवढी साध्या पेनाने घ्यायला लावतात. नंतर चेक तापवला की नाव-रक्कम गायब आणि सही कायम. अशा फसवणुकीच्या बातम्या अनेक शहरांतून आल्या आहेत. म्हणून घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः आई-बहिणींना सांगून ठेवा: सही आपल्या पेनाने, आणि रक्कमही आपल्याच पेनाने. अशा पेनाने चुकून काही लिहिले असेल आणि उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून ते उडाले असेल, तर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवून पाहावा. गारठ्याने ते अक्षर बरेचदा परत दिसते.

एटीएमची पावती, दुकानाचे यंत्रातून निघणारे बिल: यांच्यावर शाईच नसते. तो कागदच उष्णतेने काळा होणारा असतो आणि काही महिन्यांत कोरा पडतो. हमीचे बिल असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढावी. झेरॉक्सची काळी पूड कोळशाची असते, ती टिकते.

मुलांसाठी रविवारचा प्रयोग

आता रंग फोडण्याचा रकाना. एक पांढरा खडू घ्या. खालून बोटभर अंतरावर काळ्या शाईचा पट्टा ओढा. खडू बशीतल्या जरा पाण्यात उभा करा. पाणी पट्ट्याच्या खालीच असावे. पाणी खडूतून वर चढते आणि शाईला बरोबर नेते. दहा मिनिटांत काळ्याचे निळे, जांभळे, पिवळसर पट्टे वेगवेगळ्या उंचीवर दिसू लागतात. जो रंग पाण्याबरोबर लवकर धावतो तो वर, जो खडूला धरून राहतो तो खाली. याला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. या पद्धतीला नवे रूप दिल्याबद्दल मार्टिन आणि सिंज या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एखाद्या कागदावर नंतर दुसऱ्या शाईने आकडा वाढवला असेल, तर याच तत्त्वाने तज्ज्ञ ते पकडतात. म्हणजे एकाचे सात करणारा शेवटी शाईमुळे सापडतो.

मोठ्या मुलांनी हिरड्याची शाईही करून पाहावी. मेळघाटातला हिरडा आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात सहज मिळतो. चार-पाच हिरडे कुटून पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी उकळून गाळा. कृषी केंद्रातून आणलेले फेरस सल्फेट चमचाभर आणि थोडा बाभळीचा डिंक घाला. काचेच्या बाटलीत ठेवा, तोंडात जाऊ देऊ नका, लहानग्यांच्या हाताला लागू देऊ नका आणि शाईच्या पेनात घालू नका. बोरूने किंवा टाकाने लिहा. अक्षर हवेवर काळे पडत जाईल. एका दिवसाने त्यावर पाणी टाकून मुलांना दाखवा. पुस्तकातला धडा जे समजावू शकत नाही, ते हा थेंब समजावतो.

शेवटी एक विनंती. प्रत्येक घरात एक घरची नोंदवही असावी. चांगला कागद, थेंबाच्या परीक्षेत पास झालेली शाई आणि घरात ज्याचे अक्षर सुवाच्य असेल त्याचा हात, एवढे पुरे. त्यात आजी-आजोबांची नावे, गाव, तालुका, कोण कोणत्या सालात कोणत्या शाळेत गेले, कोणत्या दाखल्याचा नंबर काय, हे लिहून ठेवा. ही वही सरकारदरबारी पुरावा होणार नाही, पण पुरावा कुठे शोधायचा हे तीच सांगेल. ज्यांचे म्हातारे अजून बसलेले आहेत त्यांनी हे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. आणि गावच्या शाळेत गेलात तर गुरुजींना आदराने एवढेच विचारा, "गुरुजी, रजिस्टरात कोणती शाई वापरता?"